सुट्टी जवळ आली, पण विमानाची भीती वाटते?



सुट्टी जवळ आली की घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांत सुट्टी म्हणजे रेल्वेने पुणे, कोल्हापूर नाहीतर कोकणातले आजोळ. आता पुष्कळ कुटुंबे विमानाने लांबलांब जातात. याचा आनंदच आहे. पण २०२५ च्या जूनपासून वर्गात एक वेगळा प्रश्न ऐकू येऊ लागला. सातवीच्या तासाला एका मुलाने तो मला सरळ विचारला, "बाई, तुम्हाला विमानात बसायची भीती वाटते का?"

वर्ग हसला. मीही हसून विषय बदलला. पण खरे उत्तर "हो" असे होते. वीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या, फळ्यावर न्यूटनचे नियम लिहिणाऱ्या मला विमानाची भीती वाटते. त्या मुलाला तेव्हा न दिलेले उत्तर या लेखातून द्यावे, म्हणून हा प्रयत्न.

आमच्या घरची गोष्ट

माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ते ७९ वर्षांचे आहेत. अंदमानचे सेल्युलर जेल डोळ्यांनी पाहायचे, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले. वडोदरा ते मुंबई, मुंबई ते चेन्नई आणि चेन्नईहून अंदमान अशी तीन विमाने. मे महिन्यातच तिकिटे काढून झाली.

मग १२ जून २०२५ उजाडला. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. अहमदाबाद आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. ओळखीच्यांच्या ओळखीचे कोणीतरी त्यात होते, असे कितीतरी घरांत घडले. टीव्हीवर तीच दृश्ये दिवसभर चालू होती आणि आम्ही ती पाहत होतो.

आठवडाभराने मी घरात म्हटले, "अंदमान राहू दे. आपण रेल्वेने केरळला जाऊ." कारण म्हणून खर्च, पाऊस, आबांचे गुडघे असे बरेच काही सांगितले. खरे कारण सांगितले नाही. आबा एवढेच म्हणाले, "राहू दे. फोटो आहेतच की." त्याच रात्री पाचवीतली माझी मुलगी अंथरुणात म्हणाली, "आई, तू घाबरलीस ना? मग मी पण नाही बसणार विमानात. कधीच नाही."

हे "कधीच नाही" मला लागले. माझी भीती मी माझ्यापुरती लपवून ठेवली आहे, असे मला वाटत होते. ती तर मुलीच्या हातात केव्हाच गेली होती, आणि तिची किंमत आबा मोजत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एक दोनशे पानी वही घेऊन बसलो. विषय लिहिला, "विमानाची भीती". पुढे जे लिहीत आहे, ते बहुतेक त्या वहीतले आहे. त्यातला काही भाग आमच्या ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडून समजून घेतलेला आहे.

भीती वाटते तेव्हा शरीरात काय होते?

भीती हा शरीराचा धोक्याचा भोंगा आहे. मेंदूला धोका जाणवला की अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. हृदय जोरात धडधडते, स्नायू ताठ होतात, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. वाघ समोर आला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही तयारी आहे. अडचण एवढीच, की हा भोंगा खरा धोका आणि नुसता धोक्याचा विचार यांत फरक करत नाही. घरात सोफ्यावर बसून विमानाचा विचार केला तरी तो वाजतो.

भीतीत आपण भरभर, वरवरचा श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मग चक्कर आल्यासारखे वाटते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही असे वाटते. माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भरभर श्वास घेतो. हे चक्र अतिशय त्रासदायक असते, पण निरोगी माणसाला ते जिवावर बेतणारे नसते. ते काही मिनिटांत शिगेला पोचते आणि मग उतरू लागते. एवढे ठाऊक असले तरी निम्मा धीर येतो.

नेमकी कशाची भीती?

"विमानाची भीती" हे नाव एक असले तरी प्रत्येकाची भीती वेगळी असते. आमच्या वहीत आम्ही चौघांची भीती लिहिली. माझी होती विमान पडण्याची, आणि त्याहून जास्त, काहीच आपल्या हातात नसण्याची. स्कूटर मी चालवते तेव्हा ब्रेक माझ्या पायाखाली असतो, विमानात तो दिसतही नाही. मुलीची भीती आवाजांची होती. माझ्या यजमानांना पडण्याची भीती नाही, पण बंद दाराआड कोंडल्यासारखे होते. लिफ्टमध्येही त्यांना तसेच होते, हे आम्हाला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळले! आबा म्हणाले, "मला फक्त लघवीला जायला मिळेल ना, याची काळजी आहे."

हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक भीतीचा उपाय वेगळा असतो. आबांना शौचालयाजवळची, रस्त्याकडेची जागा दिली की काम झाले. मुलीला आवाजांची माहिती हवी होती. म्हणून पहिले काम हे, की "मला भीती वाटते" यावर न थांबता "मला नेमके अमुक झाले तर, याची भीती वाटते" असे वाक्य कागदावर पूर्ण करा.

विमान हवेत राहते कसे?

सत्तर-पंच्याहत्तर टनांचे धूड हवेत राहतेच कसे, हा प्रश्न भीतीच्या मुळाशी असतो. स्वयंपाकघरात एक प्रयोग करा. नळ मध्यम धारेने सोडा. एक चमचा दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल लोंबता धरा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. धार चमच्याला ढकलून देईल असे वाटते, पण घडते उलटे. चमचा धारेच्या आत ओढला जातो! नीट पाहा. पाणी चमच्याच्या वळणाला धरून वाहते आणि एका बाजूला वळते. चमच्याने पाणी एकीकडे वळवले, म्हणून पाण्याने चमचा दुसरीकडे ओढला. हाच न्यूटनचा तिसरा नियम.

विमानाचा पंख हेच काम हवेवर करतो. वेगाने पुढे जाताना तो हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर उचलते. धावपट्टीवर विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग घेते ते यासाठीच. हवा आपल्याला दिसत नाही म्हणून ती "काहीच नाही" असे वाटते. पण त्या वेगाला तीच हवा पाण्यासारखी भरीव आधार देते. विमान हवेत टांगलेले नसते, बोट पाण्यावर असते तसे ते हवेवर टेकलेले असते.

इंजिन बंद पडले तर?

प्रवासी विमानाला निदान दोन इंजिने असतात, आणि उड्डाणाच्या निर्णायक क्षणी एक बंद पडले तरी दुसऱ्यावर सुरक्षित वर चढता आले पाहिजे, असा नियम आहे. वैमानिक याचा सराव सिम्युलेटरवर पुनःपुन्हा करतात.

दोन्ही बंद पडली तरी उंचावरचे विमान दगडासारखे खाली येत नाही, ते घारीसारखे तरंगत उतरते. साधारण साडेदहा किलोमीटर उंचीवरून दीडशेच्या आसपास किलोमीटर ते असे जाऊ शकते. म्हणजे वडोदऱ्याच्या आकाशातून अहमदाबादपर्यंत. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या विमानाचे इंधन गळतीमुळे अटलांटिक महासागरावर संपले. वैमानिकांनी ते सुमारे १२० किलोमीटर तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर उतरवले. विमानातले सर्व ३०६ जण वाचले.

मुलीने इथे विचारले, "मग अहमदाबादचं का नाही वाचलं?" प्रश्न बरोबर होता आणि तो टाळणे चुकीचे ठरले असते. तरंगायला उंची लागते. जुलै २०२५ मधल्या प्राथमिक अहवालानुसार त्या विमानाच्या दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा जमीन सोडल्यावर काही क्षणांतच बंद झाला. तेव्हा त्याच्याजवळ उंचीही नव्हती आणि वेळही नव्हता. मी तिला हे असेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरं. लिही वहीत."

हादरे म्हणजे काय?

विमान हादरू लागले की भल्याभल्यांच्या तोंडी देवाचे नाव येते. हवा सगळीकडे सारखी नसते. कुठे तापलेली हवा वर चढत असते, कुठे दोन वेगवेगळ्या वेगांचे वारे एकमेकांना घासत असतात, कुठे ढग असतात. त्यातून जाताना विमान हादरते, खडबडीत रस्त्यावरून एस.टी. गेल्यासारखे. एस.टी. हादरली म्हणून आपण ती मोडेल असे समजत नाही. बहुतेक हादऱ्यांत विमान काही मीटरच वरखाली होते, पण आपल्या पोटाला ते शेकडो मीटर वाटते.

पंख मुद्दाम लवचिक केलेले असतात. खिडकीतून पंखाचे टोक हलताना दिसले तर ते ठीक चालल्याचे लक्षण आहे, वाऱ्यात बांबू लवतो तसे. बोइंग ७८७ या विमानाच्या पंखांची २०१० मध्ये जमिनीवर चाचणी घेतली, तेव्हा ते सुमारे २५ फूट वर वाकवले गेले. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार अपेक्षित असतो, त्याच्या दीडपट भार पंखाने सोसलाच पाहिजे, अशी अट असते.

मग हादऱ्यांत धोका नसतोच का? असतो, पण तो मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला म्यानमारवर असताना तीव्र हादरे बसले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. विमान मात्र बँकॉकला सुखरूप उतरले. यातून घ्यायचा धडा साधा आहे. पट्ट्याचा दिवा विझला तरी, जागेवर बसलेले असताना पट्टा बांधूनच ठेवा.

आवाजांची यादी

मुलीसाठी केलेली ही यादी सर्वांच्या उपयोगाची आहे. ती कागदावर उतरवून बरोबर न्या आणि ऐकू येईल त्या आवाजापुढे खूण करा.

१. दार बंद होण्याचा धप्प आवाज, खाली सामानाच्या कप्प्यातली धडधड.

२. विमान उभे असताना कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा आवाज. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत हा हमखास येतो. तो चाके, ब्रेक वगैरे चालवणाऱ्या द्रवदाबाच्या यंत्रणेतल्या एका पंपाचा असतो.

३. पंखाच्या मागच्या झडपा बाहेर येताना मोटारीची घरघर. या झडपा कमी वेगातही पंखाला जास्त उचल देतात.

४. वर चढल्यावर लगेच पायाखाली "धाड". चाके पोटात गेली.

५. त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात खड्डा पडतो. विमान खाली चालले असे वाटते. खरे तर उड्डाणाचा जोर आता लागत नाही म्हणून वैमानिकाने तो कमी केलेला असतो, आणि विमान चढतच असते. माझ्या मते सगळ्यांत जास्त माणसे इथे घाबरतात.

६. मध्येच "टिंग". बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांचा आपापसांतला निरोप किंवा पट्ट्याच्या दिव्याची सूचना.

७. उतरण्यापूर्वी पुन्हा घरघर, पुन्हा "धाड" आणि वाऱ्याचा घोंगावणारा आवाज. चाके बाहेर आली.

८. जमिनीला टेकल्यावर प्रचंड गर्जना. इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून विमान थांबवण्यास मदत केली जाते.

कान दुखणे हाही मुलांच्या रडण्याचा मोठा भाग असतो. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे जवळपास उटीएवढा. वेफर्सचे पाकीट विमानात फुगते ते याचमुळे. चढताना आणि विशेषतः उतरताना हा दाब बदलतो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. गिळले की घशापासून कानापर्यंतची नळी उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून चघळायला गोळी द्या, घोट घोट पाणी द्या, तान्ह्या बाळाला दूध पाजा. खूप सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आकडे आणि भीती

"विमान सगळ्यांत सुरक्षित आहे" असे सगळे सांगतात. ते खरे आहे, पण ऐकून भीती जात नाही, कारण भीतीला गणित येत नाही. तरीही एक हिशेब करून पाहू. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. दिवसाला सरासरी ४६२. ही बातमी रोज टीव्हीवर दिसत नाही, कारण ती एका जागी, एका क्षणी घडत नाही.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेकांनी विमान सोडून मोटारीने प्रवास सुरू केला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी नंतर काढलेल्या अंदाजानुसार, त्यामुळे पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्त माणसे मेली. ती माणसे धोका टाळायलाच निघाली होती. मी हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले, की विमान टाळले तर मी एक्सप्रेस हायवेने मुंबईला मोटारीने जाणार होते, आणि त्याची मला जराही भीती वाटत नव्हती.

प्रवासापूर्वीची तयारी

आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "भीती टाळली की ती वाढते." तिकीट रद्द केले की क्षणभर हायसे वाटते, आणि मेंदू शिकतो की सुटलो ते टाळल्यामुळेच. पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. म्हणून पायरी पायरीने तिच्याजवळ जायचे. एका पायरीवर मन शांत होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढच्या पायरीवर जायचे.

आमच्या पायऱ्या अशा होत्या. पहिली, विमानाच्या आतून काढलेली उड्डाणाची चित्रफीत आवाज बंद करून पाहणे. दुसरी, तीच आवाज लावून पाहणे. तिसरी, हरणीला विमानतळाबाहेर उभे राहून विमाने उतरताना पाहणे. (दोन रविवार गेलो. येताना शेव-उसळ ठरलेली, त्यामुळे मुलगी कधी नाही म्हणाली नाही.) चौथी, घरात जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडून विमान-विमान खेळणे. आबा वैमानिक आणि मुलगी हवाईसुंदरी. यात सामान तपासणी, पट्टा, हादरे, कानात दडे बसणे, सगळे आले. पाचवी पायरी म्हणजे खरा प्रवास.

याबरोबर पुढील गोष्टींचा सराव करावा.

श्वास : चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत हळू सोडा. सोडणे हे घेण्यापेक्षा लांब हवे. रोज दोन वेळा पाच पाच मिनिटे. हा सराव महिनाभर आधी सुरू करावा. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून चालत नाही, तसेच हे आहे.

पाच-चार-तीन-दोन-एक : दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाने जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास आणि एक चव मनात मोजा. "काय होईल" या विचारातून मन "आता काय आहे" याकडे येते.

जागा आणि वेळ : एस.टी.च्या शेवटच्या बाकावर जास्त उडायला होते आणि मधल्या बाकावर कमी. विमानातही पंखांजवळच्या जागेवर हादरे कमी जाणवतात. कोंडल्यासारखे होणाऱ्यांनी रस्त्याकडेची जागा घ्यावी. उन्हाळ्यात शक्यतो सकाळचे विमान घ्यावे, कारण दुपारी जमीन तापून हवा जास्त खळबळते.

खाणे-पिणे : उपाशी जाऊ नये. चहा-कॉफी कमी प्यावी, त्याने धडधड वाढते. शेजाऱ्याने दिलेली "झोपेची गोळी" कधीही घेऊ नये. औषध लागलेच तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

सांगणे : विमानात शिरताना कर्मचाऱ्यांना "मला भीती वाटते" असे सांगा. त्यांना याची सवय असते. लाजण्यासारखे यात काही नाही.

भीती इतकी असेल की महिनाभर आधीपासून झोप येत नाही, किंवा लिफ्ट, गर्दी अशा इतर गोष्टीही टाळाव्या लागतात, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य जावे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती अशा भीतीवर चांगली उपयोगी पडते. केंद्र सरकारची "टेली मानस" ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पालकांसाठी चार शब्द

मूल घाबरले की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर "घाबरायचं काय त्यात? बघ तो लहान मुलगा बसलाय" असे म्हणतो, नाहीतर "काही काही होणार नाही" असे वचन देतो. पहिल्याने मूल भीती लपवायला शिकते. दुसऱ्यावर ते विश्वास ठेवत नाही, कारण जून महिन्यात त्यानेही टीव्ही पाहिलेला असतो. मला उपयोगी पडलेले वाक्य असे, "भीती वाटतेय ना? मलाही वाटते. वाटू दे. आपण दोघं मिळून श्वास मोजू."

मूल तोच प्रश्न वीसदा विचारते तेव्हा वीसदा उत्तर देऊ नये. एकदा नीट, खरे उत्तर द्यावे आणि नंतर "वहीत काय लिहिलंय ते बघू या" असे म्हणावे. अपघाताची दृश्ये मुलांसमोर पुनःपुन्हा लावू नयेत. ही चूक आमच्या घरात झाली होती. आणि आपली भीती आजाराच्या किंवा खर्चाच्या नावाखाली लपवू नये. मुलांना ती कळतेच, फक्त तिच्याबद्दल बोलायचे नसते एवढे ती शिकतात.

प्रत्यक्ष प्रवास

तिकिटे रद्द केली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. मुंबईपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात माझे तळहात घामाने ओले होते. पण इंजिनाचा आवाज कमी झाला तेव्हा मुलीने यादीवर खूण केली आणि कानात म्हणाली, "आई, पाच नंबर." मला हसू आले.

चेन्नईहून अंदमानला जाताना समुद्रावर ढग होते. वीसेक मिनिटे चांगलेच हादरे बसले. मी यजमानांचा हात इतका घट्ट धरला की त्यावर वळ उठले. श्वास मोजताना तीनदा चुकले आणि तीनदा पुन्हा सुरुवात केली. सांगून ठेवलेली हवाईसुंदरी तिच्या जागेवरूनच माझ्याकडे पाहून मान हलवत होती. आबा झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये आबा सावरकरांच्या कोठडीत बराच वेळ उभे राहिले. भिंतीला हात लावला. बाहेर आल्यावर म्हणाले, "फोटोत ही खोली मोठी वाटते." एवढेच. पण संध्याकाळी त्यांनी मुलीला जवळ बोलावून विचारले, "परत जाताना खिडकी मला देशील का?"

माझी भीती पूर्णपणे गेली असे मी म्हणणार नाही. परतीच्या प्रवासातही तळहात ओले झाले, पण आधीपेक्षा कमी. पुढच्या वेळी आणखी कमी होतील, अशी आशा आहे. मुलीच्या तोंडून ते "कधीच नाही" मात्र पुन्हा ऐकलेले नाही.

शेवटी आपल्या विश्वस्त मंडळाला एक विनंती. आपण दरवर्षी मुलांना पोस्ट ऑफिस, अग्निशमन केंद्र, दूध डेअरी दाखवायला नेतो. तशीच रीतसर परवानगी काढून सातवी-आठवीच्या मुलांची विमानतळाची एक भेट ठेवता आली तर पाहावे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी विमान कंपनीत किंवा विमानतळावर काम करत असतील, तर त्यांनी एखाद्या शनिवारी शाळेत येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. प्रश्न भरपूर आहेत, हे मी खात्रीने सांगते.

आणि सातवीतल्या त्या मुलाला : होय रे, बाईंना भीती वाटते. तुला वाटत असेल तर वही घेऊन ये. आपण मिळून लिहू.

सर्वांना सुट्टीच्या आणि सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा.

— विज्ञान शिक्षिका, माध्यमिक विभाग